पंधरा येन, पन्नास सेन

परके माणूस दोन वाक्ये बोलले की हा घाटावरचा की कोकणातला, नागपूरकडचा की बेळगावकडचा, याचा अंदाज बांधल्यावाचून आपल्याला राहवत नाही. पुष्कळदा तो अंदाज चुकतो. मालवणच्या माणसाला आपण गोव्याचा ठरवतो, बेळगावच्या मराठी माणसाला कानडी समजतो. तो हसतो, आपणही हसतो, आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु हेल ओळखण्याचा हा खेळ ज्या दिवशी परीक्षा बनतो आणि परीक्षकाच्या हातात भाला असतो, त्या दिवशी काय घडते हे पाहावयाचे असेल, तर जपानच्या इतिहासातील १९२३ सालच्या सप्टेंबर महिन्याकडे वळले पाहिजे.

१ सप्टेंबर रोजी, दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना, टोकियो आणि योकोहामा या शहरांना भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांनी बघता बघता पेट घेतला. एक लाखाहून अधिक माणसे दगावली. शहर जळत असतानाच कंड्या पिकू लागल्या की, कोरियन लोक आगी लावीत आहेत, विहिरींत विष टाकीत आहेत. जपानने १९१० साली कोरिया गिळंकृत केला होता. १९१९ साली तेथे स्वातंत्र्यासाठी मोठा उठाव झाला आणि तो निर्दयपणे दडपला गेला. ज्यांच्यावर आपण अन्याय केला ते सूड घेतील, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात वसतच होती. खुद्द गृहखात्याने नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून प्रांतोप्रांती ही अफवा खरी म्हणून कळवली. मग गावोगावी गस्तीच्या टोळ्या उभ्या राहिल्या.

पण कोरियन ओळखावा कसा? चेहऱ्यावरून ते कळेना. तेव्हा जिभेची परीक्षा सुरू झाली. वाटसरूला अडवून ‘जूगोएन गोजिस्सेन’, म्हणजे ‘पंधरा येन, पन्नास सेन’, असे म्हणावयास लावीत. कोरियन भाषेत शब्दाच्या आरंभीचा ‘ज’ हा ‘च’कडे आणि ‘ग’ हा ‘क’कडे झुकतो. मराठी माणसाला यातील मर्म चटकन कळेल. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी आपण एका तऱ्हेने उच्चारतो आणि ‘तू जग’ असे म्हणताना दुसऱ्या तऱ्हेने. लिहिण्यात भेद नाही, पण कान तो टिपतो. परप्रांतीयाला मात्र तो वर्षानुवर्षे साधत नाही. अशा एका अक्षरावर माणसाचे जगणे-मरणे ठरू लागले. बळींचा आकडा सरकारी दप्तरात काही शेकड्यांचा आहे. कोरियनांच्या गणतीत तो सहा हजारांच्या वर जातो.

ही परीक्षा मुळात अन्यायाची होती, हे सांगावयास नको. पण ती आपल्या अमानुष हेतूच्या दृष्टीनेही खोटी होती. टोकियोतील सेंदागाया भागात एकोणीस वर्षांच्या एका जपानी तरुणाला लोकांनी कोरियन म्हणून घेरले. ओळखीचे माणूस भेटले म्हणून तो वाचला. पुढे रंगभूमीवर नावारूपाला येताना त्याने ‘सेंदा कोरेया’ हे नाव घेतले : सेंदागाया येथे कोरियन ठरलेला. तो तर राजधानीतलाच होता. दूरदेशीच्या बोलीचे काय झाले असेल?

ते ६ सप्टेंबर रोजी तोने नदीच्या काठी, चिबा प्रांतातील फुकुदा या गावी दिसले. दक्षिणेकडील शिकोकू बेटाच्या कागावा प्रांतातून औषधे विकणाऱ्या फेरीवाल्यांचा पंधरा जणांचा जथा तेथे नावेची वाट पाहत थांबला होता. त्यांची बोली गावकऱ्यांच्या कानाला विचित्र लागली. जपानात आकाशवाणी सुरू झाली ती १९२५ साली. या शेतकऱ्यांनी शिकोकूची बोली पूर्वी ऐकली असण्याचा संभव फार थोडा. फेरीवाल्यांनी आपला सरकारी परवाना दाखवला. पण हातातल्या कागदापेक्षा गावकऱ्यांनी आपल्या कानावर अधिक विश्वास ठेवला. नऊ जण ठार झाले. त्यांत लहान मुले होती, एक गर्भवती स्त्री होती.

मारेकऱ्यांपैकी काहींना शिक्षा झाल्या. पण सम्राट बदलला तेव्हाच्या माफीत ते सुटले. मेलेली माणसे जपानी समाजाने हीन लेखलेल्या वर्गातील होती. त्यामुळे त्यांच्यासाठी बोलणारेही थोडेच निघाले. त्या ठिकाणी स्मारकाचा दगड उभा राहिला तो २००३ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

कोणी म्हणेल, त्या गावकऱ्यांची चूक झाली. त्यांनी जपान्यांना कोरियन समजले. आम्हांला हे बोलणे फार घातक वाटते. कारण त्याचा अर्थ असा होतो की, ओळख बिनचूक ठरली असती तर ते कृत्य क्षम्य होते. नदीकाठी पंधरा कोरियन उभे असते तरी तो खूनच झाला असता.

मग या इतिहासातून घ्यावयाचे ते काय? ‘आपल्यासारखा नाही’ एवढेच कान सांगतो. तो कोण आहे हे कानाला ठाऊक नसते. ती जागा आपल्या मनातील भीती भरून काढते. फुकुद्याच्या लोकांना बहिऱ्या कानांनी फसवले नाही. कोरियनांविषयी आधीच ऐकलेल्या गोष्टींनी फसवले. आपल्याकडेही कामधंद्यासाठी दूरदूरची माणसे येतात, आपली माणसे दूर जातात. त्यांचा हेल आपल्याला जाणवणार, आपला त्यांना जाणवणार. तेव्हा ‘गाव कोणते?’ असे जरूर विचारावे. मात्र विचारल्यावर जे उत्तर येईल ते ऐकून घ्यावे. उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारू नये.