कारण न समजणारा ताप: कोणती तपासणी केव्हा करावी?

सर्दी-खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, तरी ताप चढतोच? पहिल्या तापाची तारीख लिहून ठेवा. कोणती तपासणी उपयोगी ठरेल, हे त्यावर ठरते.

संभाव्य कारणे
मोडनिंबसारख्या कमी पावसाच्या भागात पाणी साठवावे लागते. उघड्या टाकीत डेंग्यू-चिकुनगुन्याचे डास वाढतात. मलेरियाही डासांमुळेच होतो. टायफॉइड दूषित अन्न-पाण्यातून होतो. उसाच्या फडात, चिखलात काम करणाऱ्यांना उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. काखेत, जांघेत काळी खपली आहे का, पाहा.

तपासण्या
• मलेरिया: लगेच. निगेटिव्ह येऊनही ताप राहिला, तर पुन्हा.
• डेंग्यू: पहिल्या ५ दिवसांत एनएस१, नंतर आयजीएम.
• टायफॉइड: अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर. केवळ विडालवर विसंबू नये.
• लेप्टो, स्क्रब टायफस: आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात. शेतातले काम, प्रवास, घेतलेली औषधे त्यांना आवर्जून सांगा.

हे टाळा
डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत.

ताबडतोब रुग्णालयात न्या
पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव, धाप, कावीळ, लघवी कमी होणे, गुंगी किंवा झटके. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. तेव्हा निर्धास्त राहू नका.