पुसा ते पुसद : एका उकिरड्याचा इतिहास



कापसाची शेवटची वेचणी झाली की आपल्याकडे ठरलेलं काम असतं. पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि काडी लावून मोकळं व्हायचं. त्या जाळात नुसत्या काड्या जात नाहीत. वर्षभर त्या पिकानं हवेतून ओढलेला कर्ब परत हवेत जातो. धुऱ्याच्या गवतातले कोळी, सरडे, बेडूक, लाव्या-तितरांचा आडोसा सगळं त्याच जाळात जातं. मग पुढच्या हंगामात आपणच म्हणतो, जमिनीत दम राहिला नाही आणि शेतात पाखरू दिसत नाही.

गंमत अशी, की याच पऱ्हाटीचं खत करायची पद्धत जवळपास शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी इंदुरात बसवली गेली. ती साता समुद्रापार गेली. इंग्लंड-अमेरिकेतले लोक परसबागेत तिचे ढीग रचायला लागले. आपल्या धुऱ्यावर मात्र अजून जाळच आहे. हे असं का झालं, ते आज सविस्तर लिहितो.

पुसा, १९०५

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. दिल्लीचं आजचं पुसा नव्हे, हे मूळचं पुसा. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हावर मोठं काम केलं. पुसा ४, पुसा १२ हे वाण त्यांच्याच कामातून आले.

पण हॉवर्ड यांचं लक्ष वेधलं ते संस्थेच्या कुंपणाबाहेरच्या शेतांनी. औषधं न फवारता गावकऱ्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी कशी राहतात, हे त्यांना कोडं होतं. मग त्यांनी ठरवलं की इथले शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले मास्तर. शेतकरी काय करतो ते पाहायचं, आणि कीड कुठे पडते व कुठे पडत नाही ते पाहायचं. मिश्र पिकं, कडधान्याची फेरपालट, मुळांना हवा मिळेल अशी मशागत, या गोष्टी ते इथल्या रानातून शिकले.

संस्थेत मात्र प्रत्येक शास्त्राची खोली वेगळी होती. बुरशीवाला बुरशी बघणार, किडीवाला कीड बघणार. पीक, जमीन, जनावर आणि माणूस एकत्र बघायचे तर दुसरी जागा हवी, असं त्यांना वाटू लागलं.

इंदूर, १९२४ ते १९३१

ती जागा मिळाली होळकरांच्या इंदूर संस्थानात. दरबारानं ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीनं आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला आणि १९२४ मध्ये तिथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. जमीन काळी, पीक कापसाचं, म्हणजे आपल्यासारखाच मुलूख. अडचणही आपलीच. शेण थोडं, त्यातलं निम्मं गोवऱ्यांत जाणार आणि पऱ्हाटी-तुराट्या ढिगांनी पडलेल्या.

इथे हॉवर्ड यांच्यासोबत रसायनशास्त्राचं काम बघायला यशवंत वाड होते. या दोघांनी जी पद्धत बसवली, ती १९३१ मध्ये दोघांच्या नावानं पुस्तकरूपात आली. जग हॉवर्ड यांचं नाव घेतं. वाड यांचं नाव आपणही घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतोय.

पद्धत अशी होती. पऱ्हाटी-तुराट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होतो, वेगळी मजुरी लागत नाही. हिरवा पाला आधी सुकवून घ्यायचा. मग हा काडीकचरा गुरांखाली अंथरायचा, म्हणजे शेण-मूत त्यात मुरतं. गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीतली राख हे सोबतीला. ३० फूट लांब, १४ फूट रुंद पण फक्त २ फूट खोल खड्ड्यात थर द्यायचे. खोली जास्त नको, कारण तळाला हवा पोचली पाहिजे. ओल धरायची आणि ढीग तीनदा उलटायचा. साधारण ९० दिवसांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार.

यामागचं शास्त्र आजही तेच आहे. नुसत्या पऱ्हाटीत कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी. ती तशीच जमिनीत गाडली तर तिला कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. इंदुरात सुरुवातीचं मिश्रण ३३ भाग कर्बाला १ भाग नत्र या प्रमाणाच्या आसपास ठेवायचे. आधी पांढरी बुरशी काड्या फोडते, मग जिवाणू उरलेलं काम करतात. ढीग ६० अंशांच्या वर तापतो, त्यात तणाचं बी आणि किडी मरतात. कडेचा माल गारच राहतो, म्हणून उलटताना बाहेरचं आत घ्यायचं.

थोडक्यात, शेण हे मुख्य खत नव्हतंच. ते विरजण होतं. थोड्या शेणात बराच काडीकचरा लागतो, हा इंदूरचा खरा धडा.

जगभर गेलं, गावात अडलं

हॉवर्ड १९३१ मध्ये मायदेशी परतले. पुढे ही पद्धत आफ्रिकेतल्या कॉफीच्या आणि आपल्याकडच्या चहाच्या मळ्यांत पोचली. १९४० मध्ये त्यांचं दुसरं मोठं पुस्तक आलं. १९४२ मध्ये अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेती आणि बागकामाचं मासिक काढलं, १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये इव्ह बालफोर यांनी जिवंत मातीवर पुस्तक लिहिलं. दोघांवर हॉवर्ड यांचा प्रभाव होता. परसात कंपोस्टचा ढीग, गांडुळांना अभय, पाखरांसाठी झुडपं, असं जे बागकाम आज तिकडून शिकवलं जातं, त्याच्या मुळाशी इंदूरची माती आहे.

मग आपल्याकडे का अडलं? शेतकरी अडाणी म्हणून नव्हे. हिशेब बसत नव्हता म्हणून. ढीग तीनदा उलटायचा म्हणजे टनावारी माल हलवायचा, तेवढी माणसं संस्थेकडे होती, घरच्या शेतीत नव्हती. पऱ्हाटी निघते तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, प्यायला पाणी नाही तर ढिगाला कुठून आणणार? पुढे युरियाची गोणी आली. खांद्यावर टाकली की काम झालं. तिच्याशी उकिरडा कसा टिकणार?

बंगळूर, मग पुसद

या अडचणींना उत्तर शोधणारे पुढे आपल्याच देशात निघाले. १९३९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी दुसरी पद्धत दिली. थर भरायचे, वरून मातीनं लिंपायचं, उलटायचं नाही. वेळ जास्त लागतो, पण मजुरी आणि पाणी वाचतं.

आणि मग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं पुसद. तिथे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं बांधलं. भिंतीत जागोजागी भोकं ठेवली. हवा भोकांतून येते, म्हणून ढीग उलटायची गरज नाही. १४००-१५०० किलो काडीकचरा, साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त चाळलेली माती आणि शेण फक्त ९०-१०० किलो. वरून शेणमातीनं लिंपायचं, पंधरा-वीस दिवसांनी ढीग खाली बसला की परत भरायचं. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत. एका गाईवरही हे जमतं.

आता आपण काय घ्यायचं?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जमीन निरोगी असली की रोग-कीड येतच नाही, असा हॉवर्ड यांचा विश्वास होता. तो दावा जसाच्या तसा घेऊ नका. खतानं गुलाबी बोंडअळी जाणार नाही. उलट पऱ्हाटीचे ढीग जूनपर्यंत बांधावर ठेवले तर उरलेल्या बोंडांतली अळी पुढच्या कापसावर येते. म्हणून फरदड नको. पऱ्हाटी वेळेत काढा आणि श्रेडरनं बारीक करा, आजची गाडीवाट तीच. किडकी बोंडं आणि नख्या तापणाऱ्या ढिगाच्या मधोमध टाका.

बाकी निवड आपल्या अडचणीवर. माणसं आणि पाणी असेल तर इंदूर, कारण खत लवकर होतं. दोन्ही कमी असेल तर बंगळूर. शेण कमी असेल तर पुसद. खत टाकलेल्या तुकड्यात पहिल्या चांगल्या पावसानंतर एक फावडं मारून गांडुळं मोजा आणि वहीत लिहा. तीन वर्षांचे आकडे आणि माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब शेजारी शेजारी ठेवा. वखर चालताना मागे बगळे, साळुंक्या किती येतात तेही बघा. त्यांना खायला मिळतंय म्हणजे खाली काहीतरी जिवंत आहे.

तुमच्याकडे मोठी अडचण कशाची आहे? शेण, पाणी की माणूस? गाव आणि पीक लिहून कळवा. त्यावरून पुढच्या नोंदीत टाक्याचा खर्च मांडू.