गलबतातून उतरा, कल्याण आलं!

इसवी सनाचं पहिलं शतक. पावसाळी वाऱ्यांनी तुमचं जहाज थेट इजिप्तकडून इथवर ढकलत आणलंय आणि आता खाडीच्या तोंडाशी तुम्ही भरतीची वाट पाहत थांबला आहात. पाणी चढलं की दोन्ही अंगांची कांदळवनं मागे टाकत उल्हास नदीतून आत शिरायचं आणि कल्याण गाठायचं.

पण जपून! 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत कल्याणची नोंद आहे, ती इशाऱ्यासकट. थोरल्या सरगनसच्या काळात ही अधिकृत बाजारपेठ होती. हा सरगनस म्हणजे बहुधा कोणी सातकर्णी. पुढे बंदर सांदनेस नावाच्या सत्ताधाऱ्याच्या हाती गेलं आणि व्यापाराची कोंडी झाली. इथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज आता पहाऱ्यात भडोचला नेतात. भडोचवर क्षत्रपांची सत्ता, घाटावर सातवाहनांची. त्यांच्या भांडणात तुमचा माल अडकतो.

तरीही धक्क्यावर उतरा, म्हणजे बंदर समुद्रापासून इतकं आत का, ते कळेल. जड माल पाण्यावरून जितका आत नेता येईल, तितकी बैलांची मजल वाचते. इथून तांडे नाणेघाटाकडे निघतात. घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, जवळच दगडी रांजण. त्यात जकात पडायची, असं सांगतात. घाट चढलात की जुन्नर, पुढे पैठण. धंद्यात बरकत आली तर दानधर्मही करा. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं आजही वाचता येतात.

पाचशे वर्षं पुढे या. त्याच धक्क्यावर तांबं, शिसवी ओंडके आणि कापड जहाजांत चढतंय. तेवढ्यात पेठेत तुम्हाला ख्रिस्ती प्रार्थना ऐकू येते. गोव्यात पोर्तुगीज येण्याला अजून हजारएक वर्षं आहेत! पण कोस्मास या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने सहाव्या शतकात लिहून ठेवलंय, की कल्याणला बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस गलबत शेजारच्या ठाण्याला लावा. माल उत्तम आहे, कातडी आणि सुती कापड. फक्त घोडे आणले असतील तर ते विसरा. मार्को पोलो सांगतो, की इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी सगळं चाच्यांचं. चांगले घोडे समुद्रापलीकडूनच येत, म्हणून हा सौदा. १३२१ मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. त्यांच्या अस्थी ओडोरिक नावाच्या प्रवाशाने पार चीनला नेल्या.

आता ऑक्टोबर १६५७. कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून शिवरायांनी घेतली आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर उभे राहा. खाली खाडीच्या काठी लाकूड तासल्याचा आवाज येऊ लागेल. मराठी आरमाराची सुरुवात इथलीच. जहाजबांधणीसाठी पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. वसईच्या अधिकाऱ्यांनी त्यांना फितवलं आणि ते काम टाकून निघून गेले. तरी आरमार उभं राहिलंच.

शेवटचा टप्पा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली, आणि १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. तिथून त्यांना दोन फाटे फुटले. १८६३ मध्ये एक फाटा बोर घाट चढला, १८६५ मध्ये दुसरा थळ घाट. दोन्ही वाटा बैलांच्या तांड्यांना शतकानुशतकं ठाऊक होत्या. इंग्रज अभियंत्यांनी जंक्शनसाठी निवडलेली जागा बंदर म्हणून आधीच पारखलेली होती.

म्हणून कल्याणचं बंदर बुडालं, असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. समुद्राकडचा माल आणि माणसं घाटावर चढवायची, हे या गावाचं काम. ते दोन हजार वर्षं चालू आहे. गलबताची जागा गाडीने घेतली, इतकंच. कर्जत किंवा कसारा लोकलची वाट पाहताना पुन्हा कधी चिडलात, तर एखादी गाडी सोडा आणि दुर्गाडीवर जाऊन खाडी बघून या.