जुन्या पेटीची साक्ष



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा, ताम्रपट आणि किल्ले उभे राहतात. आज आम्ही जो साक्षीदार आपल्यापुढे आणणार आहोत तो यांपैकी कोणातही मोडणारा नाही. ती आहे एक सागवानी पेटी. दीड हात लांब, हातभर रुंद, उतरत्या झाकणाची. जमिनीवर मांडी घालून बसावे, झाकणावर वही टेकवून लिहावे, आणि काम आटोपले की वही, दौत व रोकड आत टाकून कुलूप लावावे, अशा सोयीची. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोळी अशी एखादी पेटी माळ्यावर धूळ खात पडली असेल.

आम्ही ही पेटी पाहिली माळेगाव बुद्रुक येथील एका शेतकरी कुटुंबात. घरमालक आमचे जुने स्नेही. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या समजूत अशी, की ही पेटी कविवर्य मोरोपंतांची. समजूत अगदीच निराधार म्हणावी असेही नव्हते. मोरोपंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे खरे; पण त्यांचे आयुष्य गेले ते बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने; आणि बारामती माळेगावापासून दोन-तीन कोसांवर. शिवाय पेटीच्या दर्शनी फळीवर ‘शके १६९६’ अशी ठसठशीत अक्षरे कोरलेली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७७४. मोरोपंत तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे. आणखी काय हवे?

हवे होते ते आमचे पत्र. शहरातील एक व्यापारी पेटी पाहून गेला होता. कोणा जाणत्याने ‘पेशवेकालीन’ म्हणून दोन ओळी लिहून दिल्या तर तो दुप्पट किंमत देणार होता. आणि तोवर पेटी घासून पॉलिश करून ठेवा, असा सल्लाही देऊन गेला होता. स्नेह्यांच्या नातीला पुढील शिक्षणासाठी पुण्यास धाडायचे होते. पैशाची निकड खरी होती. आम्ही पॉलिश तेवढे थांबवायला सांगितले आणि एक दिवस सवडीने पेटीपुढे जाऊन बसलो.

प्रथम आकाराकडे पाहू. पेटी मांडी घालून लिहिणाऱ्याची आहे. तेव्हा ती खुर्ची-मेजाच्या आधीची, असे मनात येते. टॉमस डॅनियल याने १७९० सालच्या पुणे दरबाराचे चित्र रंगविले आहे. त्यात तहासाठी आलेला इंग्रज वकील मॅलेटसुद्धा बैठकीवरच बसलेला दिसतो. परंतु दरबारात खुर्ची आली म्हणून पेढीवरची बैठक काही उठली नाही. गूळ-धान्याच्या अडतीवर, सराफाच्या गादीवर अशा पेट्या पुढे शंभर-सव्वाशे वर्षे नांदल्या. म्हणून आकार हा दुबळा साक्षीदार.

लाकडाचेही तसेच. बारामतीचा मुलूख माळरानाचा. साग येथे बाहेरूनच यायचा. पेशवाईत सह्याद्रीच्या रानातून. पुढे इंग्रजी अमलात ब्रह्मदेशाचा सागही मुंबई बंदरात उतरू लागला. नुसत्या फळीच्या रंगावरून शतक सांगणे म्हणजे माणसाच्या पागोट्यावरून त्याची जन्मतिथी सांगणे होय. आपण विचाराल, विज्ञानाचा उपयोग का करीत नाही? १९४९ पासून कर्बाच्या किरणोत्सर्गावरून काळ काढण्याची पद्धत माहीत आहे; परंतु साधारण १६५० नंतरच्या वस्तूंसाठी तिची उत्तरे दोन-तीन शतकांवर पसरतात. सागाची वर्षवलये मोजून गतकाळच्या पावसाचा अंदाज बांधण्याचे काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत झाले आहे. पण सुताराने बाहेरची वलये तासून टाकली की झाड कोणत्या साली पडले ते कळत नाही. शिवाय या दोन्ही रीती झाडाचे वय सांगतात, पेटीचे नव्हे. जुन्या वाड्याची तुळई कापून कालच केलेला पाटही त्यांच्या लेखी जुनाच ठरेल.

मग कोणाला विचारावे? आमचा अनुभव असा, की दर्शनी बाजू नेहमी यजमानाच्या बाजूने बोलते. खरे बोलते ती पाठ आणि तळ. तोंड सजविले जाते, तळाकडे कोणी पाहत नाही. आम्ही पेटी उपडी केली.

तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा होत्या. दोघे आरकशी ओंडका उभा-आडवा कापतात तेव्हा त्या खुणा सरळ, पण कमीजास्त अंतराच्या उमटतात. येथे त्या वक्र होत्या. एकाच मोठ्या वर्तुळाचे तुकडे असाव्यात अशा. अशी खूण फिरत्या गोल करवतीची, म्हणजे यंत्राची. येथे एक नियम ध्यानात ठेवावा. जुनी रीत सापडली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, कारण खेड्यातला सुतार आजोबांची रीत नातवापर्यंत चालवतो. पण नवी रीत सापडली, तर वस्तू त्या रीतीहून जुनी असूच शकत नाही. वस्तूचे वय तिच्या मूळच्या भागांपैकी सर्वांत नव्या भागावरून ठरते.

म्हणून आम्ही बिजागरीचा एक स्क्रू हलकेच काढून पाहिला. अठराव्या शतकातले स्क्रू हाताने कानशीने घासलेले. त्यांची टोके बोथट, आटे वाकडेतिकडे आणि माथ्यावरची खाच बहुधा मध्यापासून सरकलेली. टोकदार, निमुळता, एकसारख्या आट्यांचा स्क्रू यंत्रावर सर्रास निघू लागला तो १८५० च्या आसपास. आमच्या हातातला स्क्रू टोकदार होता. आता, बिजागरी मागाहून बदललेली नसेल कशावरून? बदलली असती तर जुन्या भोकांच्या बुजवलेल्या खुणा राहिल्या असत्या. येथे भोके एकेकच होती, आणि लाकडातला खोलगट खाचा त्याच बिजागरीच्या मापाचा होता. कुलपावर मुकुट आणि ‘व्ही. आर.’ ही इंग्रजी अक्षरे होती. ती व्हिक्टोरिया राणीची. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. तेही आपल्या मूळ घरात बसलेले होते.

म्हणजे पेटी साधारण १८५० ते १९०० या दरम्यानची, फार तर शिलकी कुलपासाठी आणखी चार-दोन वर्षे. मोरोपंतांना जाऊन तोवर अर्धशतक तरी लोटले होते.

राहिली ती ‘शके १६९६’ची अक्षरे. भिंगातून पाहता दिसले, की फळीवर तेल, धूळ आणि हात यांचा जो काळा थर चढला आहे, तो कापून ती अक्षरे खाली उतरली आहेत. खाचेत थर नाही. लाकूड उजळ आहे. वस्तू आधी जुनी झाली, अक्षरे मागाहून आली. आम्ही हे बोलून दाखवताच कोपऱ्यात बसलेल्या थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, “अहो, ती तर आमच्या बाबांनी सुताराकडून घालून घेतली. मी लहान होते तेव्हा. त्यांना वाटायचं, नाव नसलं तर पोरं पेटी चुलीत घालतील.” यात लबाडी नव्हती, वस्तूवरची मायाच होती. पण मायेने लिहिलेला शकसुद्धा खोटा तो खोटाच.

स्नेही बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आता हिला काहीच मोल नाही म्हणायचं.”

येथेच आमचा त्यांच्याशी मतभेद झाला. ज्या अर्धशतकातली ही पेटी, त्या अर्धशतकात याच तालुक्यात काय घडले ते पाहा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खते व चोपड्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनच्या दंग्यांचा तो आरंभ. लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. दुष्काळी कामातून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास त्या माळाला पाणी मिळाले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गूळ, आणि गुळामागून हिशेब. त्या काळी या मुलखात शेतकऱ्याचे नशीब जे लिहिले जाई, ते अशाच उतरत्या झाकणावर. झाकणाच्या आतल्या बाजूस लक्ष्मीपूजनाची कुंकवाची बोटे एकावर एक उमटलेली आहेत; उजव्या कडेला मनगट टेकून टेकून लाकूड झिजले आहे. मोरोपंतांची आर्या ग्रंथांतून आपल्याला मिळते. पण या मनगटांची दुसरी नोंद कोठेही नाही. व्यापाऱ्याने सांगितल्याप्रमाणे पेटी घासली असती, तर ती बोटे, तो थर आणि आत्याबाईंच्या वडिलांची लबाडी नसलेली लबाडी, सारेच भुश्शात गेले असते.

आम्ही पत्र दिले, पण खऱ्या काळाचे. व्यापारी फिरून आला नाही. नातीच्या फीची सोय उसाच्या बिलातून झाली. म्हणजे शेवटी कालव्यानेच केली. पुण्यास जाण्यापूर्वी त्या मुलीने आत्याबाईंची हकीकत एका कागदावर लिहून, खाली तारीख घालून, पेटीच्या आत ठेवली. कोरलेली अक्षरे मात्र कोणी बुजवली नाहीत. तीही आता पेटीच्या इतिहासात जमा झाली.

तेव्हा आमची आपणांस एवढीच विनंती. घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी, पाळणा किंवा देव्हारा खाली काढा. ओल्या फडक्याने पुसण्यापूर्वी उपडा करून पाहा. गंजला खिळा फेकू नका, रंग खरवडू नका. शंभर वर्षांवरील अशी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंत मोडू शकते आणि परवानगीवाचून परदेशी धाडता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि घरात कोणी आत्याबाई असतील, तर त्यांना आजच विचारा. लाकूड आणखी शंभर वर्षे थांबेल. आत्याबाई थांबणार नाहीत.