ताक, आतडे आणि मेचनिकॉफ

जेवणाच्या शेवटी ताक आले नाही तर आपल्याकडे पुष्कळांना जेवण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. ताकाची ही योग्यता जुनी आहे. चरकसंहितेत अर्श आणि ग्रहणी या दोन्ही विकारांवर ताकाचा उपयोग सांगितला आहे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना तो ग्रंथ न उघडताही ठाऊक असतो. परंतु ताकात जिवंत जंतू असतात आणि ज्या आतड्यात ते जातात तेथे आधीपासूनच जंतूंची दाट वस्ती असते, हे ज्ञान मात्र जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. ही वस्ती बिघडली तर ती अन्नाने सुधारता येईल काय, हा प्रश्न कसा उभा राहिला आणि त्याचे उत्तर कसकसे बदलत गेले, याचा आज विचार करावयाचा आहे.

पाश्चरच्या काळी जंतू म्हणजे शत्रू, असे समीकरण लोकांच्या मनात बसले होते आणि पटकी, क्षय, विषमज्वर यांचा अनुभव पाहता ते स्वाभाविकच होते. पण १८८० नंतरच्या दशकात थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांचा मळ तपासला, तेव्हा निरोगी मुलांच्या पोटातही जंतू नांदत असल्याचे दिसून आले. पुढे पॅरिसमध्ये हेन्री तिसिए यांना आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांच्या मळात टोकाला फाटा फुटलेला एक जंतू विपुल आढळला. हगवणीने बेजार झालेल्या बालकांना हाच जंतू द्यावा, असा उपचारही त्यांनी सुचविला. जंतूंचा औषधासारखा उपयोग करण्याची कल्पना येथे उघडपणे पुढे आली.

तिला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली ती इल्या मेचनिकॉफ यांनी. यांचे आयुष्य विलक्षण होते. तरुणपणी पहिली पत्नी क्षयाने गेली. निराशेच्या भरात त्यांनी दोनदा स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. पुढे १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचे काटे टोचून, शरीरातील पेशी परक्या पदार्थाला कसा वेढा घालतात, हे त्यांनी पाहिले. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी. आमच्या मुंबईशीही त्यांचा एक धागा जुळतो. १८९६ च्या प्लेगात येथे येऊन लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते.

एके काळी आयुष्याला विटलेला हा माणूस उतारवयात आयुष्य लांबविण्याच्या विचाराने भारून गेला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताना त्यांनी असा सिद्धांत मांडला की, मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे निर्माण होतात आणि माणसाला अकाली वार्धक्य येते. दूध विरजले की त्यात आम्ल तयार होते आणि ते कुजत नाही. मग तेच विरजण आतड्यात गेले तर तेथील कुजणेही का थांबू नये? बल्गेरियातील दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, अशी ख्याती त्यांच्या कानी होतीच. १९०५ साली जिनिव्हा येथे शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातील मुख्य जंतू शोधून काढला, तेव्हा सिद्धांताला जणू साक्षीदारच मिळाला.

मग काय विचारता! विरजलेल्या दुधाचा आणि जंतूंच्या गोळ्यांचा व्यापार युरोप-अमेरिकेत फोफावला. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन हे नामांकित शस्त्रवैद्य तर आतड्यातील विषांच्या कल्पनेवर विसंबून रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. एखादी कल्पना पुराव्याच्या पुढे धावली म्हणजे केवढी किंमत द्यावी लागते, याचे हे उदाहरण आहे. मेचनिकॉफ स्वतः नेमाने विरजलेले दूध घेत. १९१६ साली ७१ व्या वर्षी हृदयविकाराने ते वारले. शंभरीची आशा धरून बसलेल्यांचा हिरमोड झाला आणि टवाळांना विषय मिळाला.

खरे उत्तर टवाळीतून आले नाही, ते प्रयोगातून आले. येल विद्यापीठातील लिओ रेटगर आणि हॅरी चेपलिन यांनी १९२१ साली दाखविले की, बल्गेरियन जंतू आतड्यात ठाण मांडून राहत नाही. तो वाटसरू आहे. मात्र जाता जाता दुधातील साखर पचविण्यास तो मदत करतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही सोसते. त्यांच्या प्रयोगांतील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. उंदरांच्या अन्नात दुधातील साखर भरपूर वाढविली, तेव्हा त्यांच्या आतड्यातील जंतूंचे प्रमाणच पालटले. म्हणजे नवा पाहुणा आणण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घरच्यांना काय वाढतो यास महत्त्व आहे.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच योजली आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या खाली उतरतात आणि तिसिए यांच्या त्या जंतूचे अन्न बनतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत डाळी, भाजीपाला आणि भरड धान्ये यांचा न पचणारा भाग हेच काम करतो. तो आंबवून जंतू जी आम्ले तयार करतात, त्यांतील एकावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. ज्याला आपण चोथा म्हणतो त्याची योग्यता अशी आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, तो प्रतिजैविकांमुळे. ही औषधे प्राण वाचवितात. पण रोगजंतूंबरोबर आतड्यातील निरुपद्रवी वस्तीही उद्ध्वस्त करतात. मग जंतूंच्या गोळ्या घेऊन ती भरून काढावी, हे सहज सुचते. परंतु इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान प्रयोगात असे आढळले की, प्रतिजैविकांनंतर अशा गोळ्या घेणाऱ्यांची मूळ वस्ती, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा, उशिरा परतली. उलट, २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ३६ निरोगी माणसांवरील प्रयोगात, दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातील जंतूंची विविधता वाढली आणि दाहाची काही लक्षणे रक्तात कमी झाली. दोन्ही प्रयोग लहान आहेत. त्यांवर मोठे इमले बांधू नयेत. मेचनिकॉफ यांच्या काळी झाले ते पुन्हा होऊ नये.

तथापि एवढे म्हणता येईल. ताजे ताक, दही अवश्य घ्यावे; मात्र उकळलेल्या कढीत किंवा वाफवलेल्या इडलीत आंबवणारे जंतू जिवंत राहत नाहीत, हे ध्यानात असावे. त्याबरोबर भाकरी, उसळ आणि पालेभाजी असावी, कारण तेथील कायमच्या रहिवाशांचे पोट तिच्यावर भरते. प्रतिजैविके वैद्याने सांगितल्यावाचून घेऊ नयेत आणि सांगितली तर टाळू नयेत. मेचनिकॉफ यांचा विषाचा सिद्धांत मागे पडला, त्यांचा जंतू वाटसरू ठरला. पण सर्व जंतू वैरी नसतात आणि त्यांच्याशी आपले नाते अन्नाने घडते, ही त्यांची दृष्टी टिकली. सिद्धांतातील टिकाऊ आणि टाकाऊ भाग निवडण्यास शास्त्राला शंभर वर्षे लागली. तेवढा धीर नव्या औषधांच्या जाहिराती वाचताना आपणही धरावा, अशी आमची विनंती आहे.