इंजिनात बसलेली लेक

पूर्णा ते हिंगोली ही रेल्वे निजामाच्या काळात, १९१२ साली सुरू झाली. अरुंद रुळाची, मीटरगेज. स्वातंत्र्यानंतर ती पुढं अकोला-खांडव्याला जोडली आणि जयपूरकडं जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या हिंगोलीवरून जायला लागली. आम्ही पोरं रुळाकडंला उभं राहून गाडी बघायचो. डब्यातल्या माणसांपेक्षा इंजिनातला काळाभोर झालेला ड्रायव्हर आम्हाला मोठा वाटायचा. प्रत्येक पोरगं म्हणायचं, मी ड्रायव्हर होणार. पोरी तसं म्हणत नव्हत्या. त्यांना कोणी विचारतही नव्हतं.

माझी पाठची बहीण हिशेबाला माझ्यापेक्षा हुशार. हळदीच्या पोत्यांचं वजन आणि भाव सांगितला की आडत्याच्या आधी तिचा आकडा तयार. पण गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दीड कोसावर, मधी ओढा. मला पाठवलं, तिला नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, तशीच रीत होती. मी दहावी झालो त्या साली तिचं लग्न लागलं.

त्याच काळात तिकडं साताऱ्यात एका शेतकऱ्याच्या घरी काय चाललं होतं, ते मी फार उशिरा वाचलं. रामचंद्र भोसले हे शेतकरी, त्यांना पाच लेकरं, त्यातली थोरली सुरेखा. जन्म २ सप्टेंबर १९६५, म्हणजे आमच्याच पिढीतली. पोरगी गणितात चांगली, मनात मास्तरीण व्हायचं. ड्रायव्हर व्हायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण कराडला सरकारी तंत्रनिकेतन होतं. तिथं तिनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. मला विचाराल तर सगळी गोष्ट ह्या कराडात आहे. साताऱ्याहून कराड लांब नाही. आमच्या पोरींना तंत्रनिकेतन हा शब्दच माहीत नव्हता, आणि असता तरी औरंगाबादला कोणता बाप पाठवणार होता?

पुढं रेल्वेची जाहिरात आली, तिनं फॉर्म भरला. १९८६ ला लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली. त्या कामावर तोवर एकही बाई नव्हती. कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलात सहा महिने शिकून १९८९ साली ती सहाय्यक ड्रायव्हर झाली. पहिली गाडी वाडीबंदर ते कल्याण, मालगाडी. सहाय्यकाचं काम म्हणजे नुसतं शेजारी बसणं नव्हं. पुढचा सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचा, ड्रायव्हरनं तो परत म्हणायचा. दोघांच्या तोंडून एकच रंग निघाला पाहिजे. वाटेत इंजिन बिघडलं तर काय बिघडलं ते हुडकायचं. तिथं तिचा डिप्लोमा उपयोगाला आला. पुढं मालगाडीची पूर्ण ड्रायव्हर झाली, आणि एप्रिल २००० मध्ये मुंबईत बायांसाठी लेडीज स्पेशल लोकल निघाली ती हिनं चालवली. मधी लग्न झालं, सुरेखा यादव झाली, दोन पोरं झाली. नोकरी चालूच.

पण मला खरं कौतुक घाटाचं. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट. १८६३ साली रूळ पडले. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. रेल्वेसाठी हा लई चढ. म्हणून चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलत न्यावी लागते. उतरणं त्याहून अवघड. कापसानं भरलेली बैलगाडी उतारावरून ज्यानं आणली त्याला हे सांगायला नको. चढाला बैल दमतो, पण उताराला गाडीच बैलाच्या मानेवर येते, आणि तेव्हा हाकणाऱ्याचा जीव हातात असतो. इथं तर मागं शेकडो माणसं बसलेली. २०१० च्या सुमारास ती ह्या घाटाचं शिक्षण घेऊन तयार झाली, आणि ८ मार्च २०११ ला पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन तिनं नेली. ती गाडी १९३० पासूनची. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत घेऊन ती मुंबईला पोचली, तीही ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. ३० सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाली.

हे सगळं मी पुतण्याला सांगत होतो. त्याची पोरगी यंदा दहावी झाली. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार नुसती गुरगुरायली, फिरंना. आम्ही वायरमनची वाट बघत बसलो होतो. पोरगी टेस्टर घेऊन स्टार्टरपाशी गेली. म्हणाली, "आबा, एक फेज आलाच नाही. बटण बंद करा, नाहीतर मोटार जळंल." खरंच डीपीवरचा फ्यूज उडाला होता. तिला डिप्लोमाच करायचाय. आता औरंगाबादला जायची गरज नाही, हिंगोलीतच सरकारी तंत्रनिकेतन आहे.

पुतण्या म्हणतो, "काका, ती साताऱ्याची गोष्ट. आपल्याकडं पोरगी डिप्लोमा करून काम कुठं करणार?"

मी म्हणलं, औंढ्याकडं बघ. दुधाळा-अंजनवाड्याच्या शिवारात लायगोचं काम धरलंय. २०२३ च्या एप्रिलात केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आतली हवा काढून घेतलेली, त्यातून लेसरचा उजेड जाणार आणि आभाळात कुठं दोन कृष्णविवरं आदळली तर त्याचा कंप इथं मोजणार. मोठे शास्त्रज्ञ पुण्या-मुंबईहून येतील, येऊ द्या. पण पंप चालू ठेवणारं, वीज बघणारं माणूस लागंलच की.

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "तिथली वीज गेली तर मागं जनरेटर किती मोठा असंल?" आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

तिची आजी, म्हणजे माझी वहिनी, अजून कुरकुर करती. एक स्थळ सांगून आलंय, पोराला आठ एकर ओलीत. पुतण्यानं अजून हो म्हणलेलं नाही, नाहीही म्हणलेलं नाही. पण फॉर्मला लागतो तो उत्पन्नाचा दाखला परवा तहसीलातून आणून त्यानं कपाटात ठेवलाय.