अक्षराचा अंक

चेन्नई शहराच्या दक्षिणेस पेरुंगुडी हे उपनगर आहे. २०११ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि आज संगणकाच्या कचेऱ्यांसाठी त्याची ख्याती आहे. या स्थळाचे नाव तमिळ माणूस आपल्या लिपीत लिहितो, मराठी माणूस देवनागरीत. कागदावर ही दोन्ही रूपे एकमेकांस अनोळखी वाटतात. संगणकाच्या पोटात मात्र त्यांचे नाते उघड होते. या नात्याच्या इतिहासात मराठीच्या एका वर्णाचे भवितव्यही गुंतलेले आहे.

संगणकास अक्षर ठाऊक नसते; त्यास अंक तेवढा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाचे असे कोष्टक सिद्ध झाले. त्यात अवघी १२८ स्थाने. इंग्रजीपुरती ती पुरली, भारतीय लिपींना तेथे थारा नव्हता. पुढे आपल्याकडे टंक तयार करणाऱ्यांनी आपापल्या सोयीने अंक नेमले. परिणाम असा झाला, की एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात पाहू जाता निरर्थक चिन्हांची रास दिसे. अंक शाबूत, पण अर्थ हरवलेला!

यावर तोड निघाली ती ब्राह्मीच्या वंशावळीतून. भारतीय लिप्यांची वळणे निराळी असली, तरी वर्णमालेचा क्रम बहुतांशी एकच आहे. हे सूत्र धरून कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आणि पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये काम झाले. त्यातून ‘इस्की’ हे सर्व लिप्यांस समाईक असे कोष्टक आकारास आले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्यास मान्यता दिली. येथे अंक मिळाला तो वर्णाला, त्याच्या आकृतीला नव्हे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांस आधी दिसते; पण कोष्टक उच्चाराचा क्रम पाळते, आधी ‘क’ आणि मग इकार.

१९९१ सालीच आलेल्या ‘युनिकोड’ने, म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या कोष्टकाने, हीच मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून उचलली. त्यात देवनागरी ‘प’चा अंक २३४६, तर तमिळ ‘प’चा २९८६. अंतर ६४०चे. ‘क’मध्येही तेवढेच अंतर. पण पेरुंगुडीतील ‘ग’ तमिळ लिपीत शोधू गेल्यास ते घर रिकामे आढळते. कारण तमिळ भाषक ‘क’ लिहूनच तेथे ‘ग’ उच्चारतो.

एकाचे घर असे रिकामे राहिले, तर दुसऱ्याला शेजारधर्माने एक घर लाभले. तिरुक्कुऱळ या ग्रंथनामात ‘ळ’शेजारी जो ‘ऱ’ आहे, तो दक्षिणेचा कठोर ‘र’. समाईक कोष्टकात त्याला जागा होती. म्हणून देवनागरीतही त्याचे घर बांधले गेले, अंक २३५३. इकडे मराठीपुढे एक पेच होता. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द भिन्न. पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. रफार आणि आडवा र यांतील भेद पुसला गेला, तर भोजनाचे आमंत्रण भलत्याच घरी जावयाचे! इस्कीने तोड काढली: या दाक्षिणात्य ‘ऱ’चा पाय मोडला, की त्याचे रूप मराठीचा आडवा र मानावे. युनिकोडनेही तो नियम स्वीकारला.

मात्र युनिकोडमध्ये त्यापूर्वीची दुसरी रीतही चालू राहिली. तीत साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांस दोन्ही शब्द सारखेच दिसतात. अंक मात्र वेगळे असल्याने एका रीतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या रीतीचा हाती लागेलच असे नाही. ज्या ग्रंथालयांना जुनी मराठी पुस्तके संगणकावर आणावयाची आहेत, त्यांनी म्हणून आधी एक रीत ठरविणे अगत्याचे आहे. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, अशी आपली व्युत्पत्ती. संगणकात ते अक्षय राहावयाचे, तर त्याचा अंक सर्वांनी एकच मानावा लागतो.